दुनहुआंग: वाळवंटाच्या तोंडावर शहर वसलंच कसं?

रेशीम मार्ग म्हटलं की ठरलेलं चित्र डोळ्यासमोर येतं, उंटांची रांग, वाळूच्या टेकड्या, मागे मावळता सूर्य. टूरवाल्यांच्या जाहिरातीत हे चित्र बऱ्याचदा चीनमधल्या दुनहुआंगचंच असतं. पण हे शहर नेमकं तिथंच का आहे, शंभर किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे का नाही, आणि निव्वळ उंटांच्या रांगांवर एखादं गाव हजार-दीड हजार वर्षं पोट भरू शकतं का, हे कोणी फारसं विचारत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे वाचायला सोपं जाईल: दुनहुआंग व्यापाऱ्यांनी उभं केलं नाही, ते उभं केलं एका नदीने आणि सरकारी पैशाने. व्यापारी मागून आले आणि त्या व्यवस्थेचा फायदा घेऊन नाव मात्र स्वतःचं करून गेले.

आधी भूगोल, कारण तो समजला की अर्धा इतिहास आपोआप समजतो. मॅपवर चीनच्या वायव्येला गान्सू प्रांत शोधा, लांबट, तिरका, मधे एकदम चिंचोळा. त्याच्या दक्षिणेला चीलियान पर्वत, शिखरं साडेपाच हजार मीटरच्या वर आणि त्यामागे थेट तिबेटचं पठार. उत्तरेला गोबीचं दगडगोट्यांचं वाळवंट. या दोघांच्या मधे साधारण हजार किलोमीटर लांबीची सपाट पट्टी आहे, कुठे शंभर किलोमीटर रुंद तर कुठे अगदी थोडकी, तिला हेशी कॉरिडॉर म्हणतात. चीनच्या मुख्य भूमीतून मध्य आशियाकडे जायचं तर दक्षिणेकडून डोंगर चढवत नाही आणि उत्तरेकडून पाण्यावाचून मरायला होतं, म्हणजे सैन्य असो, भिक्षू असो की व्यापारी, सगळे याच पट्टीतून जाणार.

पण पट्टी सपाट आहे म्हणून चालता येते असं नाही, ती चालता येते कारण चीलियानवरचा बर्फ वितळून छोट्या छोट्या नद्या उत्तरेकडे उतरतात, थोडं अंतर वाहतात, आणि वाळवंटात जिरून जातात, समुद्राला मिळतच नाहीत. जिथे नदी डोंगरातून बाहेर पडून पसरते तिथे शेती, जिथे शेती तिथे गाव. वूवे, चांगये, जिउच्युआन आणि सगळ्यात पश्चिमेला दुनहुआंग, ही सगळी गावं अशीच वसलीत. दुनहुआंगची नदी दांग. या भागात वर्षाचा पाऊस जेमतेम 40 मिलीमीटर, म्हणजे मुंबईत जुलैच्या एखाद्या दुपारी पडतो तेवढा, आणि बाष्पीभवनाची क्षमता मात्र 2,000 मिलीमीटरच्या वर. तेव्हा आभाळाकडे बघून तिथे कोणी कधी शेती केली नाही, सगळी मदार कालव्यांवर. तांग राजवटीच्या काळातले (सातवं ते दहावं शतक) पाणीवाटपाचे नियम दुनहुआंगलाच सापडलेत, कोणत्या कालव्याला आधी, कोणत्या शेताला नंतर, कोणत्या हंगामात किती पाळ्या. कालव्याच्या पाळीवरून ज्यांच्या गावात भांडणं होतात त्यांना हे वाचून अजिबात परकं वाटणार नाही.

आणि दुनहुआंगच्या पश्चिमेला काय आहे? लोप वाळवंट, मिठाने कडक झालेली जमीन, आणि त्यापुढे ताक्लामाकान. ताक्लामाकान सरळ मधून ओलांडत नाहीत, कडेकडेने जातात, कारण पाणी फक्त कडेला, डोंगराच्या पायथ्याशी मिळतं. म्हणून इथे रस्ता फुटतो. एक फाटा उत्तरेकडून हामी, तुर्फान, कुचा असा तियानशानच्या पायथ्याने जातो, दुसरा दक्षिणेकडून मिरान, खोतान, यारकंद असा कुनलुनच्या पायथ्याने, आणि दोन्ही पुन्हा काशगरला भेटतात. फाटा फुटण्याआधीचं शेवटचं भरवशाचं मोठं पाणी म्हणजे दुनहुआंग. पश्चिमेकडे निघालेल्याला इथे पखाली भरून घ्याव्या लागत, धान्य घ्यावं लागे, उंट बदलावे लागत, वाटाड्या शोधावा लागे, आणि तिकडून आलेला माणूस पहिल्यांदा इथेच पोटभर पाणी प्यायचा. शंभर किलोमीटर पुढे शहर का नाही याचं उत्तर एवढंच, तिथे दांग नदी नाही.

आता इतिहास. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हा सगळा भाग श्योंगनू नावाच्या घोडेस्वार टोळ्यांच्या ताब्यात होता, आणि त्यांच्या धाडींनी चीनचं हान साम्राज्य अगदी जेरीला आलेलं. सम्राट वू याने इ.स.पू. 138 मधे चांग च्येन नावाच्या अधिकाऱ्याला पश्चिमेला पाठवलं, काम काय तर श्योंगनूंनी हाकलून दिलेल्या युएची लोकांना शोधायचं आणि म्हणायचं चला, मिळून लढू. चांग च्येनला वाटेतच श्योंगनूंनी पकडलं, दहाएक वर्षं अडकवून ठेवलं, तिथे त्याचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, मग तो पळाला आणि खरंच युएचींपर्यंत पोचला, तर ते म्हणाले आम्ही इथे सुखात आहोत, आम्हाला काही सूडबिड नको. मोहीम म्हणून बघितली तर पूर्ण फेल. पण परत येताना तो मध्य आशियाची जी माहिती घेऊन आला, कोणतं राज्य कुठे, कोणाकडे चांगले घोडे, कोणाला काय हवंय, तिने राजधानीचे डोळे उघडले. हेच युएची पुढे कुषाण झाले, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या कनिष्काचे पूर्वज.

इ.स.पू. 121 मधे हुओ छूपिंग या विशीच्या आसपासच्या सेनापतीने हेशी पट्टी श्योंगनूंकडून हिसकावली, आणि मग तिथे चार जिल्हे बसवले गेले, त्यात सर्वात टोकाचा दुनहुआंग. जिल्हे बसवले म्हणजे नुसती फौज ठेवली नाही, पूर्वेकडून माणसं आणून वसवली, जमिनी दिल्या, कालवे खणले, कारण सैन्याला धान्य हजार-दीड हजार किलोमीटरवरून आणणं परवडत नाही, ते जाग्यावर पिकवावं लागतं. इ.स. 2 मधल्या हान जनगणनेत दुनहुआंग जिल्ह्याची नोंद आहे: 11,200 कुटुंबं, 38,335 माणसं. वाळवंटाच्या तोंडावर, दोन हजार वर्षांपूर्वी! ही सगळी व्यापाराला आलेली माणसं नव्हती, शेतकरी आणि शिपाई होते.

शहराच्या पुढे दोन नाकी होती, वायव्येला युमेन आणि नैऋत्येला यांग. युमेनमधून खोतानकडचा जेड दगड आत यायचा, नाव त्यावरूनच पडलं. नाक्यांना जोडून भिंत होती, आणि चीनची भिंत म्हटल्यावर जी दगडी भिंत आठवते तसली नव्हे. इथे दगड-विटा आणणार कुठून, म्हणून त्यांनी बोरू आणि झाऊच्या फांद्यांचा एक थर, त्यावर वाळू-खडीचा थर, पुन्हा फांद्या, पुन्हा खडी, अशी भिंत रचली. कोरड्या हवेमुळे ती काही ठिकाणी अजून माणसाहून उंच उभी आहे, थरावर थर स्पष्ट दिसतात. ठराविक अंतरावर टेहळणीचे बुरूज, शत्रू दिसला की दिवसा धूर आणि रात्री जाळ. जाळासाठी रचून ठेवलेल्या बोरूच्या पेंढ्यासुद्धा काही बुरुजांपाशी जशाच्या तशा सापडल्या, म्हणजे कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी रचून ठेवल्या आणि पेटवायची वेळच आली नाही.

पण मला विचाराल तर भिंतीपेक्षा भारी जागा म्हणजे श्युआनछ्युआन. दुनहुआंगच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर ही सरकारी टपालचौकी होती, साधारण 50 मीटर बाय 50 मीटरचा वाडा, आत खोल्या, तबेले, चाळीसेक घोडे. सरकारी दूत, टपाल, परदेशी पाहुणे इथे थांबायचे, खायचे, घोडे बदलायचे. 1990 ते 1992 मधे इथे उत्खनन झालं आणि कचऱ्यातून लिहिलेल्या लाकडी पट्ट्या निघाल्या, एक-दोन नाही, 20,000 च्या वर. कागद सर्रास वापरात यायच्या आधी चीनमधे कारकुनी अशा पट्ट्यांवर चालायची. यात इ.स.पू. 62 सालचा चक्क कोंबड्यांचा हिशोब आहे, कोणत्या पाहुण्यासाठी किती कोंबड्या खर्ची पडल्या, किती आल्या, किती शिल्लक. सरकारी ऑफिस कुठल्याही काळातलं असो, व्हाउचर चुकत नाही.

त्याच पट्ट्यांमधली एक तक्रार तर मला फार आवडते. इ.स.पू. 39 मधे कांगज्यू राज्याचे, म्हणजे आजच्या उझबेकिस्तान-कझाकस्तानकडच्या भागातले, दूत उंट घेऊन आले. नियमाप्रमाणे सरकारने त्यांचे उंट बघून किंमत ठरवायची. तर यांची तक्रार अशी की जिउच्युआनच्या अधिकाऱ्यांनी आमच्यासमोर उंट बघितलेच नाहीत, आपले आपण ठरवून मोकळे झाले, धष्टपुष्ट उंट रोडके म्हणून लिहिले आणि पांढरे उंट पिवळे म्हणून लिहिले, आणि वर जेवणाखाण्याचीही नीट सोय झाली नाही. पांढऱ्या उंटाला भाव जास्त होता हे लक्षात घेतलं की खेळ कळतो. आणि अशी तक्रार नोंदवून घेतली गेली, वरून खुलासा मागवला गेला, हे त्याहून महत्त्वाचं. आता बघा, हे दूत म्हणून आले होते, पण काम काय करत होते? उंट विकत होते. त्या काळी दूत आणि व्यापारी यांच्यात फार फरक नसायचा, आणि देवाणघेवाणीतला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक सरकार असायचं.

हाच माझा मुख्य मुद्दा. आपण समजतो की रोममधे रेशमाला मागणी होती म्हणून उंटांच्या रांगा निघाल्या आणि त्यांच्या पैशावर दुनहुआंग फुललं. प्रत्यक्षात एकच व्यापारी चीनपासून रोमपर्यंत जात नव्हता, माल टप्प्याटप्प्याने हात बदलत जायचा आणि बरेचसे व्यापारी जवळपासच्या दोन-चार गावांमधेच फिरायचे. मग या आडबाजूच्या भागात एवढं रेशीम आलं कसं? तर सैन्याचा पगार म्हणून. तांग काळात नाणी, धान्य आणि रेशमाचे तागे हे तिन्ही चलन म्हणून चालायचे. तांब्याची नाणी हजारो किलोमीटर वाहून न्यायची म्हणजे भयंकर वजन, त्यामानाने तागे हलके आणि किंमत जास्त, तेव्हा राजधानीकडून पश्चिमेच्या छावण्यांना गाडेच्या गाडे भरून रेशीम यायचं. शिपाई ते बाजारात देऊन धान्य घ्यायचा, घोडा घ्यायचा, व्यापारी ते रेशीम पुढे पश्चिमेला न्यायचा. म्हणजे रेशीम मार्गावरचं बरंचसं रेशीम मुळात सरकारी पगारपत्रकातून सुटलेलं होतं.

व्यापारी नव्हतेच असं मात्र नाही बरं का. या रस्त्यावरचे पट्टीचे व्यापारी म्हणजे सोग्दियन, समरकंद-बुखाराकडचे लोक. 1907 मधे ऑरेल स्टाइन या ब्रिटिश पुरातत्त्व संशोधकाला दुनहुआंगच्या पश्चिमेला एका पडक्या बुरुजात टपालाची थैली सापडली, आत सोग्दियन भाषेतली कागदावर लिहिलेली पत्रं, चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, जी कधी पोचलीच नाहीत. एका पत्रात समरकंदच्या मालकाला एजंट कळवतोय की राजधानी जळाली, सम्राट पळाला, धंद्याचं काही खरं नाही, आणि तरीही मधेच कस्तुरीच्या 32 पिशव्यांचा हिशोब आहे. दुसरं पत्र मिवनाय नावाच्या बाईचं आहे. नवरा तिला आणि मुलीला दुनहुआंगला सोडून गेलाय, तीन वर्षं झाली, पैसे संपले, नातेवाईक मदत करेनात, कर्जापायी चिनी माणसाकडे चाकरी करायची पाळी आलीये. ती नवऱ्याला लिहिते की तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची बायको झाले असते तर बरं झालं असतं. व्यापारी मार्गांच्या पुस्तकात अशा बायका फारशा दिसत नाहीत, पण रस्त्याची खरी किंमत काय होती ते हे पत्र सांगतं.

त्या पुढच्या वाळवंटाची भीती किती होती ते चिनी भिक्षू फाहियान सांगतो. इ.स. 399 मधे तो भारतात यायला निघाला, दुनहुआंगच्या अधिकाऱ्याने त्याला वाळवंट ओलांडायला सामान दिलं, आणि मग सतरा दिवस, वर पक्षी नाही, खाली प्राणी नाही, वाट ओळखायची ती मेलेल्या माणसांच्या हाडांवरून. ह्युएनत्संगचं तर आणखी वेगळं, तो निघाला तेव्हा सीमेबाहेर जायला बंदी होती, म्हणून तो दुनहुआंग टाळून पूर्वेकडच्या ग्वाचौहून चोरून निघाला, वाटेत पाण्याची पखाल हातातून सांडली आणि मरता मरता वाचला. हाच ह्युएनत्संग पुढे आपल्या महाराष्ट्रात आला, पुलकेशीच्या राज्यात, आणि इथले लोक उपकाराला जागणारे पण अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय न राहणारे असं लिहून गेला. परतताना मात्र तो खोतानमार्गे राजरोस आला, आणि सम्राटाने दुनहुआंगच्या अधिकाऱ्यांना हुकूम दिला की वाळवंटात पुढे जाऊन त्याला घेऊन या. 645 मधे तो राजधानीत पोचला. जाताना फरार, येताना व्हीआयपी.

आता लेण्यांकडे येतो, ज्यासाठी बहुतेक लोक तिथे जातात. शहरापासून 25 किलोमीटरवर आग्नेयेला एका ओढ्याच्या काठावर दीड किलोमीटरहून लांब कडा आहे, त्यात मोगाओ लेणी. परंपरा सांगते की 366 मधे लचुन नावाच्या भिक्षूला समोरच्या सानवेई डोंगरावर सोनेरी प्रकाशात हजार बुद्ध दिसले आणि त्याने पहिलं लेणं खोदलं. पुढे हजार वर्षं खोदकाम चालू राहिलं, आज 735 लेणी मोजली जातात, त्यातल्या 492 मधे भित्तिचित्रं आहेत, एकूण 45,000 चौरस मीटर, शिवाय 2,000 हून जास्त मूर्ती. सगळ्यात मोठी बुद्धमूर्ती 35.5 मीटर उंच, सम्राज्ञी वू त्सथ्येनच्या काळातली.

अजिंठा बघितलेल्या माणसाला इथे एक गोष्ट लगेच खटकेल. अजिंठ्यात मूर्ती कड्यातूनच कोरून काढल्यात, कारण आपला बेसॉल्ट घट्ट, छिन्नीला धार धरून उत्तर देणारा. मोगाओचा कडा म्हणजे नदीने आणलेले गोटे आणि वाळू एकमेकांना चिकटून झालेला दगड, त्यात खोली खोदता येते पण नाक-डोळे कोरायला गेलात तर गोटा निखळून हातात येईल. म्हणून तिथल्या मूर्ती लाकडी सांगाड्यावर गवत बांधून, वर माती लिंपून, रंगवून केलेल्या. फक्त अतिभव्य बुद्धांचा गाभा कड्याचाच ठेवला आणि बाहेरून माती चढवली. चित्रांची पद्धत मात्र दोन्हीकडे बरीचशी एकसारखी, भिंतीवर भुसा-काड्या घातलेला मातीचा गिलावा, त्यावर पांढरा हात, आणि सुकल्यावर रंग. निळा रंगसुद्धा दोन्हीकडे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दी दगडाचा वापरलाय. कड्यात लेणी खोदून राहायची आणि पूजायची ही कल्पनाच पश्चिम भारतातून मध्य आशियामार्गे तिकडे गेली, आणि कथाही बरोबर गेल्या. कबुतरासाठी स्वतःचं मांस कापून देणारा शिबी राजा अजिंठ्यात आहे तसा मोगाओच्या 254 क्रमांकाच्या लेण्यातही आहे, आणि रुरू जातकातलं हरीण अजिंठ्याच्या 17 क्रमांकात आहे, तिथे 257 मधे, नऊ रंगांचं होऊन.

आणि 285 क्रमांकाच्या लेण्यात, जिथे 538 आणि 539 सालचे लेख आहेत, पश्चिमेच्या भिंतीवर गणपती आहे! सोबत महेश्वर आणि कुमार, सगळे बुद्धाच्या बाजूला रक्षक देवता म्हणून. चिनी वाळवंटात, सहाव्या शतकात, सोंडेसकट. त्याच लेण्याच्या छतावर चिनी पुराणातले देव आणि ड्रॅगन उडतायत, म्हणजे चित्रकाराला यात काही विसंगत वाटलं नाही आणि पैसे देणाऱ्यालाही नाही.

पैसे देणाऱ्यांची चित्रंही भिंतीच्या खालच्या भागात असतात, रांगेने उभे, नावासकट, आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात त्याच हेतूने. आणि 45 क्रमांकात तर व्यापारी लुटले जातानाचं दृश्य आहे: डोंगरवाटेवर उंच टोप्या घातलेले दाढीवाले परदेशी व्यापारी, मागे गाढवं, समोर तलवारी घेतलेले दरोडेखोर, आणि व्यापाऱ्यांनी गाठोडी उतरवून जमिनीवर ठेवलीत, हात जोडलेत. उंट नाहीत, गाढवं आहेत, हे विशेष.

755 मधे तांग साम्राज्यात आन लुशान या सेनापतीचं बंड झालं, पश्चिमेच्या छावण्या रिकाम्या करून सैन्य राजधानीकडे नेलं, आणि रेशमाचे गाडे बंद. लगेच परिणाम दिसला. तिबेटींनी हेशीतली एकेक गावं घेतली, दुनहुआंगने कित्येक वर्षं वेढा सोसला आणि 780 च्या दशकात शरणागती दिली, ती पण अट घालून, की इथल्या लोकांना दुसरीकडे हलवायचं नाही. ही तिबेटी राजवट एका अर्थी लेण्यांच्या पथ्यावर पडली, कारण 845 च्या सुमाराला तांग सम्राटाने देशभर बौद्ध विहार पाडायचा सपाटा लावला तेव्हा दुनहुआंग त्याच्या हाताबाहेर होतं. 848 मधे चांग यीछाओ या स्थानिक पुढाऱ्याने तिबेटींना हाकललं, आणि त्यापुढे पावणेदोनशे-एक वर्षं आधी चांग आणि मग त्साओ घराणं, नावाला सम्राटाचे सरदार आणि प्रत्यक्षात स्वतंत्र, असा कारभार राहिला. या काळात नाणी जवळपास गायब, करार धान्यात आणि कापडात. व्यापार मेला नाही, पण गावपातळीवर आला. सरकारी रेशीम थांबल्यावर काय उरतं ते इथे उघडं दिसतं.

हे एवढं बारीक आपल्याला कळतं ते 17 क्रमांकाच्या लेण्यामुळे. ही खरं तर एका मोठ्या लेण्याच्या बोळात काढलेली छोटी खोली, जेमतेम तीन मीटर लांब-रुंद, होंगब्येन नावाच्या भिक्षूच्या स्मरणार्थ केलेली. नंतर ती कागदांनी छतापर्यंत भरली आणि भिंत घालून बंद केली. आतल्या कागदांतली सगळ्यात अलीकडची तारीख 1002 ची आहे, तेव्हा बंद झाली ती त्यानंतर लवकरच. का, यावर वाद आहेत, कोणी म्हणतं 1006 मधे खोतान पडल्यावर आक्रमणाच्या भीतीने, कोणी म्हणतं पवित्र मजकुराचे जुने फाटके कागद फेकायचे नाहीत म्हणून साठवले. 1900 मधे वांग युआनलू नावाच्या ताओपंथी साधूला, जो स्वतःच्या खटपटीने लेणी साफ करत होता, ही खोली सापडली. आत जवळजवळ 50,000 कागद: चिनी, तिबेटी, संस्कृत, खोतानी, सोग्दियन, उइगुर, आणि एक हिब्रू प्रार्थनासुद्धा. 868 सालचं छापील वज्रच्छेदिका सूत्र हा बौद्ध ग्रंथ इथलाच, तारीख असलेलं जगातलं सर्वात जुनं छापील पुस्तक, वांग ज्ये नावाच्या माणसाने आईवडिलांसाठी पुण्य म्हणून छापून वाटलेलं.

धर्मग्रंथ जास्त असले तरी मजा उरलेल्या कागदांत आहे. 959 सालचे एका महिला मंडळाचे नियम आहेत, पंधरा बायका, कोणाच्या घरी मृत्यू झाला तर कोणी किती तेल, किती पीठ आणायचं, भांडण केलं तर दंड काय. आणि 856 मधला एक तयार मसुदा आहे, पाहुण्याच्या घरी दारू पिऊन तमाशा केल्यावर दुसऱ्या दिवशी यजमानाला पाठवायचं माफीपत्र, फक्त नाव घालायचं बाकी: काल मी जरा जास्त घेतली, जे काही वेडंवाकडं बोललो ते शुद्धीत नव्हतो, सकाळी लोकांकडून कळलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. असा मसुदा ठेवावा लागत होता म्हणजे किती जणांना लागत असेल विचार करा.

मग हे सगळं गेलं कुठे? 1907 मधे स्टाइन आला, त्याने वांगला सांगितलं की मी ह्युएनत्संगचा भक्त आहे, त्याच्याच मागोमाग भारतातून आलोय, आणि वांगही ह्युएनत्संगचा निस्सीम भक्त, तिथे पाघळला. 130 पौंडांत हस्तलिखितांच्या 24 पेट्या आणि चित्रं वगैरेंच्या 5 पेट्या गेल्या. 1908 मधे फ्रान्सचा अभ्यासक पेलियो आला, त्याला चिनी उत्तम यायचं, त्याने मेणबत्तीच्या उजेडात तीन आठवडे एकेक कागद चाळून निवडक माल उचलला. 1910 मधे उरलेलं बीजिंगला नेलं गेलं, त्यातही वाटेत गळती झालीच. मग जपानी, मग रशियन, आणि 1924 मधे अमेरिकेच्या लँग्डन वॉर्नरने तर चिकट द्रावण लावून भिंतीवरची चित्रंच सोलून काढली. वांगने त्या पैशातून लेण्यांची डागडुजी केली, स्वतःच्या खिशात घातले नाहीत, हेही नमूद करायला हवं. चोर कोण याचं उत्तर चीनमधे आणि लंडनमधे वेगवेगळं मिळतं. माझ्या मते 130 पौंड ही किंमत आणि ती भक्तीची बतावणी, दोन्ही बघता खरेदी म्हणणं अवघड आहे.

शहराचा शेवट फार नाट्यमय नाही. 1036 च्या सुमाराला तांगुत नावाचे शेजारचे लोक चाल करून आले, 1227 मधे मंगोल. मार्को पोलो इथून गेला. समुद्री व्यापार वाढत होता पण खरा घाव मिंग राजवटीने घातला, 1372 मधे त्यांनी जियायूग्वानचा किल्ला बांधला तो दुनहुआंगच्या पूर्वेला साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवर, म्हणजे सरहद्द अलीकडे ओढली, आणि सोळाव्या शतकात दुनहुआंग वाऱ्यावर सोडून दिलं. सैन्य नाही, कालव्यांची निगा नाही, मग वस्तीही विरळ झाली. अठराव्या शतकात छिंग सम्राटाने पुन्हा गान्सूतल्या ठिकठिकाणच्या लोकांना आणून वसवलं, आजचं गाव ते. म्हणजे जसं हान काळात सरकारने बसवलं तसंच दुसऱ्यांदाही सरकारनेच बसवलं.

आज तिथला झगडा पुन्हा पाण्याचाच आहे. गावाजवळ मिंगशा वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत चंद्रकोरीच्या आकाराचं एक तळं आहे, 1960 नंतर धरण, शेती आणि विहिरींमुळे भूजल खाली गेलं आणि तळं आटत चाललं, शेवटी बाहेरून पाणी सोडून ते टिकवावं लागलं. लेण्यांमधे उलटा प्रॉब्लेम, तिथे माणसांच्या श्वासातली आणि घामातली वाफ चित्रांना मारते, गिलाव्यातले क्षार ओले होऊन फुगतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून दिवसाला साधारण 6,000 जणांनाच पूर्ण तिकीट, आधी बाहेर सेंटरमधे फिल्म दाखवतात, मग गाईडबरोबर आठ लेणी, आत फोटो बंद. 17 क्रमांकातले कागद जगभर पांगलेत, पण ते स्कॅन करून ऑनलाइन टाकायचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प 1994 मधे सुरू झालाय.

चीनपर्यंत जाणं जमत नसेल तर दिल्ली आहे. स्टाइनच्या त्या मोहिमेचा दोन पंचमांश खर्च ब्रिटिश म्युझियमने आणि तीन पंचमांश खर्च तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारने केला होता, म्हणून वाटणीत दुनहुआंगची रेशमी कापडावरची चित्रं आपल्याकडेही आली, ती जनपथवरच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मध्य आशियाच्या संग्रहात आहेत.